शेजारचा परमुलूख

मराठीत 'परदेश' या शब्दाचा अर्थ गेल्या शंभर-दीडशे वर्षांत पुष्कळ दूर सरकला आहे. आज परदेश म्हटला की समुद्रापलीकडचा मुलूख डोळ्यांपुढे येतो. पण ज्या काळी 'परदेशी' हे आडनाव महाराष्ट्रात रूढ झाले, त्या काळी परदेशी ठरण्यासाठी कोणाला समुद्र ओलांडावा लागत नव्हता. उत्तर हिंदुस्थानातून येऊन दख्खनेत स्थायिक झालेला माणूस मराठी माणसाच्या लेखी परदेशीच होता. कानडीत हाच शब्द आणखी वेगळ्या वळणाने गेला. तेथे परदेशी म्हणजे परक्या देशाचा, आणि त्याचबरोबर ज्याला कोणी नाही असा, पोरका, निराधार. शब्दाच्या या दुसऱ्या अर्थाची आठवण बेंगळूरुत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला क्वचितच होते. आपण परदेशात आहो असे त्याला वाटतच नाही, आणि त्याच्या तेथील जीवनाविषयी जे काही म्हणावयाचे आहे त्याचे मूळ बहुधा येथेच आहे.

परदेशगमनाविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. पु. ल. देशपांडे यांची 'अपूर्वाई' १९६० साली आणि 'पूर्वरंग' १९६३ साली पुस्तकरूपाने आली. त्यानंतरच्या पिढ्यांना लंडनमधील शिष्टाचार आणि जपानमधील चहापान यांची ओळख घरबसल्या झाली. अमेरिकेतील मराठी कुटुंबे, तेथील बर्फ, तेथील एकटेपण, मुलांची तुटत जाणारी भाषा यांवर कथा, नाटके, लेख झाले आणि होत आहेत. पुण्याहून बेंगळूरुला मात्र रात्री बसमध्ये बसले की दुसऱ्या दिवशी माणूस पोहोचतो. पारपत्र लागत नाही, चलन बदलावे लागत नाही, पंचांगदेखील बदलत नाही. त्यामुळे प्रवासाबरोबर जे कुतूहल आपोआप बांधून घेतले जाते ते या प्रवासात घरीच राहते. न्यूयॉर्कला निघालेला तरुण महिनाभर आधी तेथील रीतिरिवाजांची चौकशी करतो. बेंगळूरुला निघालेला घरभाड्याची आणि वाहतुकीच्या कोंडीची.

वस्तुतः आश्चर्यांना तेथे तोटा नाही, आणि त्यांतील पहिले आश्चर्य ताटातच भेटते. सकाळी उपाहारगृहात शिरलेला मराठी माणूस फलकावर 'खाराबात' आणि 'केसरीबात' ही नावे वाचतो, भात मिळणार असे समजतो, आणि त्याच्यापुढे उपमा आणि शिरा येतो. दोन्ही एकाच बशीत हवे असतील तर 'चौचौबात' मागावयाचा. तांदळाचा एक कणही नसलेल्या या पदार्थांना बात का म्हणावे? हा 'बात' म्हणजे मराठी 'भात'च, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही, कारण त्याच फलकावर 'वांगीबात' उभा असतो. कानडीत वांग्याला 'बदनेकाय' म्हणतात. पण या एका पदार्थात वांगे मराठी नावानेच शिजते. म्हणजे शब्द महाराष्ट्रातून गेला, तेथे रुळला आणि पुढे आपल्या मनाप्रमाणे रव्यावरही बसला. उलट 'अन्न' हा शब्द मराठीत सर्व प्रकारच्या खाद्यासाठी आहे. कानडीत अन्न म्हणजे शिजलेला भात, आणि शेतात उभे असते ते 'भत्त'. कोकणातील माणूस शेतातल्या पिकालाही भातच म्हणतो, तेव्हा त्याला हे चटकन उमगावे. बारीक रव्याला बेंगळूरुचा वाणी 'चिरोटी रवा' म्हणतो, आणि तेथील लग्नाच्या पंगतीत चिरोटी अजून मानाने वाढली जाते. महाराष्ट्रात ती दिवाळीच्या फराळातूनही मागे पडत चालली आहे. सांबाराचे नाव संभाजीराजांवरून पडले असे सांगण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. ती दंतकथा ज्याला पाठ आहे, त्याला वांगीबाताची व्युत्पत्ती सांगण्यासारखी वाटत नाही. ती खरी असल्यामुळे कदाचित तिच्यात पराक्रम कमी असावा.

नात्यांच्या शब्दांतही हीच लपाछपी आहे. अण्णा, अक्का, अज्जी हे शब्द दोन्हीकडे जवळजवळ सारखे. परंतु मराठीत 'ताई' म्हणजे थोरली बहीण, तर कानडीत 'तायि' म्हणजे आई. पत्नीने पतीला नावाने न हाकारता 'अहो' म्हणावे हा मराठी संकोच, तर तेथे त्याच जागी 'री' आहे. निरोप घेताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हा संस्कार मराठी घरात लहानपणीच होतो. कानडी माणूसही 'होगि बर्तीनि', जाऊन येतो, असेच म्हणतो. इरावती कर्वे यांनी भारतीय नातेव्यवस्थेचा जो अभ्यास १९५३ साली ग्रंथरूपाने मांडला, त्यात महाराष्ट्राची गणना उत्तर आणि दक्षिण यांच्या मधल्या पट्ट्यात केली होती. त्या मांडणीची प्रचीती घ्यावयाची असेल तर बेंगळूरुतील एखाद्या लग्नघरी बसावे. मामेबहिणीशी लग्न हे दख्खनेतील मराठी समाजालाही ओळखीचे आहे; पण सख्ख्या भाचीशी मामाचे लग्न ही तेथील कित्येक समाजांत चालत आलेली रीत ऐकली की मराठी पाहुण्याचा चेहरा बदलतो.

भाद्रपदातील गौरीचे उदाहरण तर फार बोलके आहे. महाराष्ट्रात आधी गणपती येतो आणि दोन-तीन दिवसांनी, अनुराधा नक्षत्रावर, गौरी येतात. कर्नाटकात गौरीचा सण तृतीयेला, म्हणजे गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी. आई आधी येते, मुलगा तिच्या मागून. महाराष्ट्रात त्या दिवशी हरतालिका असते, आणि ती मुख्यत्वे उपवासाची. साहजिकच बेंगळूरुतील एखाद्या इमारतीत शेजारची सुवासीण त्या दिवशी सुपात 'बागिन' घेऊन मराठी घराच्या दारात उभी राहते, तेव्हा दार उघडणारी मराठी गृहिणी उपवासाच्या तयारीत असते आणि या वेळी हे वाण कसले, असा प्रश्न तिला पडतो. सूप तेच, हळदकुंकू तेच, देवीही तीच. फक्त घरी येण्याचा क्रम वेगळा. संक्रांतीला तीळ-गूळ देऊन गोड बोलण्याची विनंती करावयाची हेही दोन्हीकडे आहे. तिकडच्या 'एळ्ळु-बेल्ला'त खोबरे आणि शेंगदाणे असतात आणि तो लाडू न वळता तसाच देतात, एवढाच काय तो भेद.

ही उदाहरणे वाढविता येतील, पण केवळ गंमत म्हणून ती सांगण्यात अर्थ नाही. ज्या संस्कृतीत सर्वच अपरिचित असते, तेथे माणूस पावलोपावली सावध असतो, विचारतो, शिकतो. अर्धे परिचित असते तेथे तो सावध राहत नाही. ओळखीचा अर्धा भाग पाहून उरलेला अर्धा आपल्याला ठाऊकच आहे असे धरून चालतो. आणि तो उरलेला भाग अनोळखी निघाला की समोरच्याचे काहीतरी चुकले असा त्याचा ग्रह होतो. नावांचेच पाहा. जुन्या म्हैसूरच्या पद्धतीत गाव आणि वडिलांचे नाव ही आद्याक्षरे म्हणून पुढे येतात आणि व्यक्तीचे स्वतःचे नाव शेवटी. कुप्पळ्ळी वेंकटप्प पुट्टप्प, म्हणजेच कुवेंपु, या नावात कुप्पळ्ळी हे गाव आहे, वेंकटप्प हे वडील आणि पुट्टप्प हे कवी. मराठी पद्धतीत शेवटी आडनाव येते. तेव्हा विद्यापीठात नव्याने आलेला मराठी अध्यापक ज्येष्ठ सहकाऱ्याला आदराने आडनावाने संबोधतो, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो त्यांना एकेरी नावाने हाक मारीत असतो. उलट कार्यालयातील कारकून त्या अध्यापकाच्या आडनावालाच त्याचे नाव समजून कागदपत्रे तयार करतो. पहिली चूक कोणी दाखवून देत नाही. दुसरीविषयी मात्र घरी पत्रे लिहिली जातात.

भाषेच्या संदर्भात या प्रवृत्तीचे रूप विनोदी राहत नाही. बेंगळूरुत आलेल्या परप्रांतीयाला जे एकमेव कानडी वाक्य येते ते 'कन्नड गोत्तिल्ल', कन्नड येत नाही, हे होय. भाषा येत नाही हे त्याच भाषेत सांगण्याइतकी ती शिकावयाची आणि तेथेच थांबावयाचे. तुकारामांच्या एका अभंगात कानडी बायको आणि मराठी नवरा यांचा संसार आहे: ती त्याला कानडीत जवळ बोलाविते, त्याला ती शपथ वाटते आणि तो लांब पळतो. साडेतीनशे वर्षांनंतर दुपारी घरमालकीण जिन्यात थांबून 'ऊट आयता?' असे विचारते, आणि मराठी भाडेकरू 'कन्नड गोत्तिल्ल' म्हणून घाईने वर निघून जातो. तिने विचारलेले एवढेच असते की जेवण झाले का. साताऱ्याची मावशी दुपारच्या वेळी याहून वेगळे काही विचारीत नाही.

याचे समर्थन नेहमी असे केले जाते की काम इंग्रजीत चालते, बाजार हिंदीत चालतो, मग कानडीवाचून अडते कोठे? हे समर्थन करणाराच सुट्टीत मुंबईला आला की तेथील दुकानदार आणि टॅक्सीवाला मराठी बोलत नाही म्हणून संतापतो. दोन्ही ठिकाणी तोच माणूस आहे आणि दोन्ही वेळा तो मनापासून बोलत असतो. १९६६ नंतरच्या मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध जे आंदोलन पेटले, त्याची झळ उडुपी उपाहारगृहांना बसली. तेथे काम करणारी मुले कानडी आणि तुळू बोलणारी होती. पुढे १९८२ मध्ये गोकाक समितीच्या शिफारशींसाठी कर्नाटकात मोठी चळवळ झाली. तिच्यात शाळेत कन्नडला प्रथम भाषेचे स्थान मिळावे ही मागणी होती, आणि ती मराठी वृत्तपत्रांना बहुधा सीमाप्रश्नाच्या चष्म्यातूनच दिसली. अलीकडे महाराष्ट्राने २०२२ मध्ये दुकानांच्या मराठी पाट्यांविषयीचा कायदा कडक केला. कर्नाटकाने २०२४ मध्ये पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला देण्याचा नियम केला. पहिल्याला अस्मिता आणि दुसऱ्याला दुराग्रह म्हणणारी मंडळी एकाच घरात राहतात. बेळगाव-कारवारचा प्रश्न खरा आहे. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि सीमाभागातील मराठी माणसाच्या शाळा-कचेऱ्यांतील अडचणी ज्यांनी पाहिल्या आहेत ते त्या हलक्याने घेणार नाहीत. पण बेळगाव म्हणजे बेंगळूरु नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्या गावात राहून भाषा मागणारा शेतकरी आणि आपणहून नोकरीसाठी दुसऱ्याच्या राजधानीत गेलेला अभियंता यांची तक्रार एकच आहे असे भासविणे हा पहिल्यावर अन्याय आहे.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा एक आणि सामावून घेणारा दुसरा. आजच्या कानडीचे 'नावु' या एका शब्दावर भागते. बेंगळूरुतील नवे मराठी मंडळी स्वतःविषयी बोलताना 'आम्ही' म्हणतात, आणि या 'आम्ही'च्या बाहेर केवळ कानडी माणूसच राहतो असे नाही. त्या शहरातला जुना मराठी माणूसही बाहेरच राहतो.

हा जुना मराठी माणूस कोण? १६३८ साली विजापूरच्या फौजेने केंपेगौडांच्या वंशजाकडून बेंगळूरु घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागिरीत आले. तेव्हापासून १६८७ पर्यंत, म्हणजे अर्धशतकाच्या जवळपास, हे शहर भोसल्यांच्या सत्तेखाली होते. शहाजीराजांचा १६६४ मध्ये मृत्यू झाला तो कर्नाटकातच, होदिगेरे येथे. त्यांच्या दरबारच्या जयराम पिंड्ये या कवीने 'राधामाधवविलासचंपू' रचला आणि वि. का. राजवाडे यांनी तो १९२२ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केला. मूळ काव्य संस्कृत, पण त्याच्या अखेरच्या भागात अनेक भाषांतील रचना येतात आणि त्यांत मराठीप्रमाणे कानडीलाही स्थान आहे. एका मराठी सरदाराच्या दरबारात कवीला बहुभाषी असावे लागे, आणि ते असणे भूषण समजले जाई.

याहून ठळक पुरावा दगडावर आहे. बेंगळूरुच्या मल्लेश्वरम भागात काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. तेथील १६६९ सालच्या शिलालेखात व्यंकोजी ऊर्फ एकोजीराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाने, मेदरनिंगनहळ्ळी हे गाव देवाला दिल्याची नोंद आहे. लेख कानडीत आहे. तंजावरला बृहदीश्वराच्या देवळावर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मोठा मराठी लेख पाहण्यासाठी महाराष्ट्रातून अभ्यासक जातात, सहली जातात, आणि ते योग्यच आहे. मल्लेश्वरमचा लेख मात्र त्यांच्या वाटेवर येत नाही. मराठी राजाने कानडीत लिहिले ही घटना मराठी इतिहासाच्या कोणत्या प्रकरणात बसवावी हे ठरत नाही, म्हणून ती वगळली जाते असे दिसते. राज्य करणाऱ्याला प्रजेच्या भाषेत दानपत्र देण्यात कमीपणा वाटला नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्याला घरमालकिणीच्या भाषेत एक वाक्य बोलण्यात तो का वाटावा?

त्या काळात आणि त्यानंतर निरनिराळ्या निमित्तांनी आलेली मराठी कुळे बेंगळूरुत आहेत. पेठेतील शिंपी आणि भावसार, मराठा कुटुंबे, देशस्थ घराणी. पेठ भागात विठ्ठलाची देवळे आहेत आणि त्यांचा सांभाळ याच समाजांनी केला. यांच्या घरी मराठी बोलली जाते; मुले कानडी किंवा इंग्रजी शाळेत शिकतात; देवनागरीतील मराठी पुस्तक वाचण्याचा प्रसंग फारसा येत नाही; लग्नपत्रिका कानडीत छापल्या जातात. त्यांच्या बोलीत कानडी शब्द आणि कानडी वळणे आहेत, आणि पुण्यातून प्रमाण मराठी बनून गेल्यावर जी रूपे पुस्तकी मराठीतून गळून पडली त्यांची शक्यता तेथे शोधण्यासारखी आहे. परंतु नवागत मराठी माणूस ही बोली ऐकतो तेव्हा त्याला हसू येते. 'तुमची मराठी जरा वेगळीच', असे तो म्हणतो, आणि 'वेगळी' या शब्दाच्या उच्चारातच निकाल दिलेला असतो. पुढच्या वेळी ते गृहस्थ त्याच्याशी इंग्रजीत बोलतात.

या वागण्यातील विसंगती दाखविण्यासाठी एक नाव पुरेसे आहे. रजनीकांत हे मूळचे शिवाजीराव गायकवाड, १९५० साली बेंगळूरुत जन्मलेले, तेथील बससेवेत वाहक म्हणून काम केलेले. तमिळ चित्रपटात त्यांनी जे मिळविले त्याचा अभिमान मराठी वृत्तपत्रे दर वाढदिवसाला व्यक्त करतात: रजनीकांत मराठी आहेत! ते ज्या घरात आणि ज्या बोलीत वाढले तिची चौकशी मात्र कोणी करीत नाही. तंजावरच्या मराठीला निदान सरस्वती महाल ग्रंथालयाचे आणि तेथील मोडी कागदपत्रांचे पाठबळ होते. संशोधक तिकडे वळले. बेंगळूरुच्या पेठांतील मराठी घराबाहेर लिहिली गेली नाही, तेव्हा ती बोलणाऱ्या आज्या गेल्या की तीही जाणार. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात मराठी ही मातृभाषा सांगणारे वीस लाखांवर होते. त्यांतील बहुसंख्य उत्तरेकडील जिल्ह्यांतले. राजधानीतल्या जुन्या कुळांचे वेगळेपण त्या आकड्यात दिसत नाही.

नव्यांची रीघ लागली ती कारखान्यांमुळे आणि संस्थांमुळे. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने विमानांचा कारखाना बेंगळूरुत काढला, तोच पुढे हिंदुस्तान एरोनॉटिक्स झाला. टेलिफोन, यंत्रावजारे, इलेक्ट्रॉनिक्स यांचे सरकारी कारखाने १९४८ ते १९५४ या काळात उभे राहिले. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बेंगळूरुला गेली. तिच्यामागून किती मराठी तरुण गेले याची मोजदाद नाही. या सर्वांच्या वसाहती, आवारे, कुंपणे यांनी एक सोय केली: शहरात न राहता शहरात राहता येऊ लागले.

ही सोय तशी जुनीच. १९३३ मध्ये कमला भागवत ही मुंबईची पदवीधर विद्यार्थिनी टाटांच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागण्यासाठी आली; स्त्री म्हणून सी. व्ही. रामन यांनी तिला नकार दिला. तिने माघार घेतली नाही आणि वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळविला. पुढे केंब्रिजहून १९३९ मध्ये डॉक्टरेट घेतलेल्या याच डॉ. कमला सोहोनी. ही हकीकत मराठीत अनेक वार सांगितली गेली आहे आणि ती सांगण्यासारखीच आहे. पण त्या सांगण्यात बेंगळूरु कोठे येते? संस्थेची इमारत येते, प्रयोगशाळा येते, रामन येतात. आवाराबाहेरचे गाव, तेथील बाजार, तेथील भाषा यांचा मागमूस नाही. यात त्यांचा दोष काढण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढचा झगडा निराळा आणि अधिक कठीण होता. सांगणाऱ्यांना मात्र गाव आठवले नाही, हे नोंदविण्यासारखे आहे.

साहित्याकडे वळले की हा अभाव अधिकच जाणवतो. मुंबईत राहून कानडीत लिहिणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. यशवंत चित्ताल यांनी आयुष्य मुंबईत काढले आणि त्यांची 'शिकारि' (१९७९) ही कादंबरी त्या महानगराच्या औद्योगिक कचेऱ्यांत घडते. जयंत कायकिणी यांच्या मुंबईच्या कथांच्या 'नो प्रेझेंट्स प्लीज' या इंग्रजी अनुवादाला दक्षिण आशियाई साहित्याचा २०१८ चा डीएससी पुरस्कार मिळाला. त्यांतील चाळी, फलाट, खोल्या मराठी वाचकाच्या रोजच्या ओळखीच्या आहेत, आणि तरी त्या अशा रीतीने मराठीतही पाहिल्या गेल्या नव्हत्या. याच्या तोडीचे बेंगळूरु मराठीत नाही. जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडात अध्यापन करता करता मराठी कथेला नवे बळ दिले. पण धारवाड म्हणजे अर्धे घरच. बेंगळूरुत लाखांनी मराठी माणसे वावरली असतील. त्यांच्या अनुभवातून गणेशोत्सवाच्या स्मरणिका निघाल्या, गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळात आणि इतरत्र नाटके झाली. कादंबरी निघाली नाही.

यावर असे म्हणता येईल की स्थलांतरांचे स्वरूपच भिन्न आहे. मुंबईला गेलेला कानडी मुलगा हॉटेलात कपबश्या विसळून रात्रशाळेत शिकला. त्याला शहराने घासूनपुसून काढले. बेंगळूरुला गेलेला मराठी माणूस शिकून, पगार ठरवून गेला. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्यात बरेच तथ्य आहे. पण चित्ताल काही हॉटेलात नव्हते, ते एका कंपनीत तंत्रज्ञ होते. कायकिणीही रसायनांच्या क्षेत्रात नोकरी करीत. तेव्हा उत्पन्नाचा फरक दाखवून हा प्रश्न सुटत नाही. चित्तालांच्या कानांवर मुंबईची मराठी पडत होती आणि ती त्यांना कळत होती. रस्त्यावरचे भांडण, शेजारच्या खोलीतले रडणे, दुकानदाराची चेष्टा ज्याला कळत नाही त्याला शहर दिसते पण ऐकू येत नाही. आणि न ऐकता कादंबरी लिहिली जात नाही.

द. रा. बेंद्रे यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला तेव्हा घरी मराठी बोलणाऱ्या कवीचा गौरव म्हणून महाराष्ट्राला आनंद झाला. कन्नडच्या आठ ज्ञानपीठविजेत्यांत बेंद्रे मराठी घरचे, मास्ती तमिळ घरचे आणि गिरीश कार्नाड कोंकणी घरचे. अभिमान बाळगावयाचा तर तो कन्नडने बाळगावा: तिने या तिघांना आपले म्हटले. आणि बेंद्रे यांच्याकडूनही काही घ्यावयाचे असेल तर त्यांनी शेजारची भाषा ज्या ओढीने आपली केली ती ओढ घ्यावी. उभय भाषांच्या ऐक्यासाठी व्यासपीठावरून 'कानडा विठ्ठल' आणि भीमसेन जोशी यांचे दाखले देण्याचा प्रघात आहे. दाखले खोटे नाहीत, पण भाषण संपल्यावर कोणी कानडीची बाराखडी विकत घेत नाही.

विद्यापीठांनी तरी यात काय केले? मराठीच्या विद्यार्थ्याला फ्रेंच किंवा जर्मनचे प्रमाणपत्र घेण्याची सोय पुष्कळ ठिकाणी असते. तौलनिक साहित्याच्या वर्गात रशियन कादंबरी इंग्रजीतून शिकविली जाते आणि तीबद्दल तक्रार नाही. पण मराठी एम. ए. करणाऱ्याला वर्षभर कानडी वा तेलुगू शिकविण्याची व्यवस्था अपवादानेच आढळते. शं. बा. जोशी यांनी धारवाडात बसून 'मऱ्हाटी संस्कृती' मराठीत लिहिली आणि महाराष्ट्राच्या कानडी मुळांविषयी अडचणीचे प्रश्न विचारले, रा. चिं. ढेरे यांनी 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' (१९८४) लिहिताना कानडी साधनांचा माग काढला. या प्रश्नांना उत्तर द्यावयाचे तर ती साधने मुळातून वाचणारे अभ्यासक हवेत, आणि ते आपोआप तयार होत नाहीत. बेंगळूरुच्या पेठांतील बोलीचे ध्वनिमुद्रण, तिचा शब्दसंग्रह, तेथील जुन्या घरांतील कागद यांसाठी तर दोन्ही भाषा येणाराच लागेल. हे काम दहा वर्षांनी करता येणार नाही.

दोन्ही भाषा येण्यासाठी बेंगळूरुला जन्मावे लागते असेही नाही. पुण्यात राहून उमा कुलकर्णी यांनी एस. एल. भैरप्पा यांच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या. त्यांच्या 'वंशवृक्ष'च्या अनुवादाला १९८९ मध्ये साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी मूळ कन्नड पुस्तक वाचून दाखवीत आणि त्या ते ऐकून मराठीत लिहीत. विरूपाक्ष स्वतः मराठीतून कन्नडमध्ये अनुवाद करीत. कन्नड लिपी वाचण्याचा सराव नसताना, केवळ कानांच्या भरवशावर, एका घरात हजारो पानांचे काम झाले.